पन्नास पानांची पंगत : दादासाहेब खापर्डे, लक्ष्मीबाई आणि वऱ्हाडातील कीर्तीचा हिशेब

अमरावतीत ‘खापर्डे बगीचा’ हे नाव आजही पत्त्यांत लिहिले जाते. रोज त्या नावाखालून जाणाऱ्या अनेकांना खापर्डे म्हणजे टिळकांचे स्नेही, मोठे वकील, एवढे ठाऊक असते. हा धागा त्या मोठ्या वकिलांच्या भाषणांविषयी नाही. भाषणे सुरू असताना घरी चूल कोण सांभाळत होते, त्याविषयी आहे.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे, म्हणजेच दादासाहेब, यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८७७ मध्ये बी.ए. झाले आणि १८८४ मध्ये एल्‌एल.बी. काही वर्षे सरकारी नोकरी करून १८९० मध्ये त्यांनी अमरावतीत स्वतंत्र वकिली सुरू केली. संस्कृत आणि इंग्रजी वाङ्मयाचा व्यासंग, विनोदाने सभा जिंकणारी वाणी आणि नाटकाचे वेड, असा हा माणूस होता.

त्या काळची अमरावती समजल्याशिवाय हा वाडा समजत नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. अकोला आणि अमरावती या बाजारपेठा फुगल्या. कापसाबरोबर सावकारी आली, सावकारीबरोबर गहाणखते आली आणि गहाणखतांबरोबर कज्जे आले. कज्जे आले की वकील श्रीमंत होतो. खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी ही वऱ्हाडच्या राजकारणातील तिन्ही ठळक नावे अमरावतीच्या वकिलांची असावीत, हा योगायोग नाही.

१८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष खापर्डे. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. या अधिवेशनाने दादासाहेब अखिल भारतीय झाले. पुढे १९०५ मध्ये मुंबईला पहिले मराठी नाट्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०६ मध्ये कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवात ते टिळकांसोबत होते. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हाही ते टिळकांच्याच बाजूला उभे होते.

आता वाड्याच्या आत जाऊ.

दादासाहेबांच्या घरी रोज पन्नासाच्या आसपास माणसे असत. घरचे लोक, आश्रित नातेवाईक, आचारी, गडी, कारकून आणि पाहुणे. पागेत सात घोडे होते, गोठ्यात गाई होत्या. या साऱ्यांचे जेवणखाण, दुखणीखुपणी, रुसवेफुगवे पाहण्याचे काम लक्ष्मीबाईंचे, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नीचे. आल्यागेल्याला आणि आश्रितांना त्या घरच्या माणसांइतकेच जपत, अशी त्यांची ख्याती होती.

पन्नास पानांची पंगत हे शब्द उच्चारायला सोपे आहेत. जरा हिशेब करून पाहावा. दोन वेळचे धरले तर दिवसाला शंभर पाने होतात. पाणी विहिरीचे, दळण जात्यावरचे, सरपण फोडून आणलेले. हाताखाली आचारी-गडी असले, तरी कोठीच्या किल्ल्या आणि कोण उपाशी राहिले याची काळजी एकाच बाईच्या पदराला बांधलेली. बाहेर ‘दादासाहेबांचे दार सदैव उघडे’ अशी कीर्ती होते, तेव्हा ते दार उघडे ठेवण्याची किंमत आत रोज मोजली जात असते. आजच्या प्रसिद्ध कुटुंबांच्या घरांची छायाचित्रे पाहतानाही हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

२४ जून १९०८ रोजी टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा लागली. महिनाही उलटला नाही, तोच दादासाहेब टिळकांच्या सुटकेसाठी इंग्लंडला निघाले. प्रिव्ही कौन्सिलपुढे दाद मागावी, पार्लमेंटच्या सभासदांना भेटावे, लोकमत वळवावे, असा बेत होता. काही महिन्यांत परतण्याची आशा असेल. प्रत्यक्षात दोन वर्षांहून अधिक काळ गेला. टिळक सुटले नाहीत. परतीच्या वाटेवर दादासाहेब ब्रह्मदेशात उतरले, १९१० च्या ऑक्टोबरात मंडालेच्या तुरुंगात मित्राला भेटले आणि मग घरी आले.

मैत्रीचा हा अध्याय टिळकचरित्रांत गौरवाने येतो आणि तो गौरवास पात्रच आहे. चालती वकिली सोडून मित्रासाठी सातासमुद्रापार दोन वर्षे बसणारी माणसे कोणत्याही काळात थोडीच असतात. पण वकिली हा असा धंदा आहे की वकील कोर्टात उभा राहिला तरच पैसा येतो. जमीनदाराचे शेत तो परगावी असतानाही पिकते. वकिलाचे अशील मात्र दुसऱ्या वकिलाकडे जाते. उत्पन्न आटले, पंगत आटली नाही. टपाल समुद्रमार्गे यायला आठवडे लागत. त्या दोन वर्षांचा राजकीय इतिहास लंडनमध्ये घडला. त्याचा खर्च अमरावतीच्या कोठीघरातून निघाला.

याच सुमारास, याच जिल्ह्यात, कीर्ती आणि कुटुंब यांचा अगदी उलटा हिशेब मांडणारा एक माणूस घडत होता. थोडे तिकडे वळायला हवे, कारण एकाशिवाय दुसरा नीट दिसत नाही.

ज्या १९०५ साली दादासाहेब नाट्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसले, त्याच वर्षी १ फेब्रुवारीच्या पहाटे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावातून डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाचा परीट समाजातील तरुण शेतकरी घर सोडून निघून गेला. त्याचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाची शेती होती. तीही सावकाराच्या घशात गेली. ज्या कापूस-सावकारी-कज्ज्यांच्या चक्राने अमरावतीचे वाडे उभे राहिले, त्याच चक्राखाली दापुऱ्याचे हे घर चिरडले गेले. वऱ्हाडचा इतिहास एकाच बाजूने वाचता येत नाही, तो असा.

डेबूजीचे लग्न १८९२ मध्ये कुंताबाईंशी झाले होते. घर सोडले तेव्हा मागे आई, पत्नी आणि लेकरे होती. हा माणूस पुढे गाडगेबाबा झाला. हातात खराटा, डोक्यावर गाडगे आणि रात्री कीर्तन. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला १९०८ मध्ये घाट बांधला गेला. १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. मग नाशिक, मूर्तिजापूर आणि इतरत्र धर्मशाळा, सदावर्ते, गोरक्षण, विद्यालये. लोक लाखो रुपये देत होते. बाबांचे नाव घेतले की गाव गोळा होत असे.

आणि कुटुंब? बाबांचा दंडक असा की, लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या संस्थांवर आपल्या नात्यातल्या कोणाचाही हक्क नाही. धर्मशाळेत महारोग्याला, अपंगाला, भुकेल्याला पान मिळेल. बाबांच्या घरच्यांना ते ‘घरचे’ म्हणून मिळणार नाही. कुंताबाई आणि सखूबाई मूर्तिजापूरला झोपडीत राहिल्या. नवऱ्याच्या, लेकाच्या शब्दावर इमारती उभ्या राहताना त्यांनी पाहिल्या आणि त्यांच्या सावलीबाहेर दिवस काढले.

१९२३ च्या मे महिन्यात बाबांचा मुलगा गोविंद वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. बातमी कीर्तनातच आली आणि कीर्तन थांबले नाही. हा प्रसंग वैराग्याचा कळस म्हणून शाळेच्या पुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सांगितला जातो. तो खराही आहे आणि थोरही. फक्त सांगणारे नेहमी खारेपाटणच्या मांडवात उभे राहून सांगतात. ज्या घरात मुलाचा देह होता, तिथे उभे राहून सांगितला तर हाच प्रसंग वेगळा ऐकू येईल. कुंताबाईंनी वैराग्य निवडले नव्हते. ते त्यांच्या वाट्याला आले.

तरीही एक गोष्ट बाबांच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. संताच्या मागे त्याच्या नातेवाइकांची गादी बसते, मग ट्रस्ट, मग वाटण्या, मग कोर्ट. हा क्रम महाराष्ट्राने अनेकदा पाहिला आहे. बाबांनी तो मुळातच तोडला. घरच्यांवर कठोर झाल्याशिवाय तो तुटला असता का, हा प्रश्न सोपा नाही. दोन्ही घरांत साम्य एवढेच की, निर्णय पुरुषाचा होता आणि तो निभावणे बाईचे.

आता पुन्हा खापर्ड्यांकडे.

इंग्लंडहून परतल्यावर महिन्याभरातच, डिसेंबर १९१० मध्ये, दादासाहेब शिर्डीला साईबाबांच्या दर्शनाला गेले. आठवडाभर राहिले. वर्षाने, ६ डिसेंबर १९११ रोजी, ते पुन्हा शिर्डीला गेले आणि १५ मार्च १९१२ पर्यंत तिथेच होते. या वेळी लक्ष्मीबाई सोबत होत्या. टिळकांचे निकटचे म्हणून सरकारची वक्रदृष्टी होतीच. वऱ्हाडात परतले तर पकडले जातील, ही धास्ती होती. अमरावतीला परतण्याची परवानगी बाबांकडे मागावी आणि ती पुढे ढकलली जावी, असे दिवसामागून दिवस गेले.

हे इतके बारकाईने माहीत आहे, कारण दादासाहेब रोजनिशी लिहीत. इंग्रजीत, दशकानुदशके. त्यांच्या रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. शिर्डीच्या मुक्कामाचा भाग १९२० च्या दशकात ‘श्री साईलीला’ मासिकातून प्रसिद्ध झाला आणि पुढे पुस्तकरूपाने आला. पहाटे उठणे, काकड आरती, ‘परमामृत’ आणि ‘पंचदशी’ यांचे वाचन, रात्री भीष्मांचे भजन, दीक्षितांचे रामायण. जानेवारी १९१२ मध्ये मेघा नावाच्या साईभक्ताचे निधन झाले, त्याचीही नोंद त्यात आहे. राजकारण मात्र जवळजवळ नाही.

रोजनिशीतला हा मौनाचा भाग समजून घेण्यासारखा आहे. साधू म्हणून वावरणारा, हिमालयातून आल्याचे सांगणारा एक गृहस्थ त्या काळात खापर्डे कुटुंबात मिसळला होता. घरच्यांचा त्याच्यावर विश्वास होता आणि तो गुप्त पोलिसांचा माणूस होता, असे साईबाबांच्या चरित्राच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. पन्नास माणसांच्या पंगतीत एक पान हेराचेही वाढले जात होते. प्रसिद्ध माणसाच्या घरात ‘खाजगी’ असे काही उरत नाही, ही तक्रार आजची नाही. उघड्या दाराचा हाही एक अर्थ होता.

लक्ष्मीबाईंचे खरे दर्शन मात्र नवऱ्याच्या रोजनिशीपेक्षा दुसऱ्याच ग्रंथात घडते. गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या ‘श्री साई सच्चरित’ या ओवीबद्ध पोथीत त्या दोन ठिकाणी येतात. पोथी भक्तीने लिहिलेली आहे, तिची मोजमापे सैल आहेत. उदाहरणार्थ, पोथी दादासाहेबांचा मुक्काम चार महिन्यांचा सांगते. रोजनिशीप्रमाणे तो सुमारे शंभर दिवसांचा भरतो. पण पोथी असेही सांगते की लक्ष्मीबाई सात महिने राहिल्या. नवरा परतल्यावरही त्या शिर्डीतच होत्या, असा त्याचा सरळ अर्थ. पन्नास पानांच्या पंगतीतून सात महिने दूर! तो केवळ भक्तीचा काळ होता की थोडी विश्रांतीही, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

पहिला प्रसंग मुलाच्या आजाराचा. शिर्डीत त्यांच्या लहान मुलाला कडक ताप आला आणि प्लेगची गाठ आली. १८९६ पासून प्लेगने पश्चिम भारतात घातलेले थैमान आठवले, म्हणजे त्या आईच्या जिवाचे पाणी कसे झाले असेल ते कळते. मुलाला घेऊन अमरावतीला जावे म्हणून त्या परवानगी मागायला गेल्या. बाबांनी धीर दिला, आभाळ आले आहे पण ते वितळेल अशा अर्थाचे बोलले आणि कफनी वर करून स्वतःच्या अंगावरच्या चार गाठी दाखवल्या. भक्त या प्रसंगाकडे चमत्कार म्हणून पाहतात. इतिहास वाचणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. देशभर गाजलेल्या वकिलाची पत्नी, परक्या गावात, तापाने फणफणलेल्या मुलासाठी एकटी दाद मागते आहे.

दुसरा प्रसंग नैवेद्याचा. दुपारी लक्ष्मीबाईंनी ताट आणले : सांजा, शिरापुरी, भात, वरण, खीर, सांडगे, पापड. इतरांचे नैवेद्य तसेच ठेवणारे बाबा लगेच उठले आणि त्या ताटावर जेवायला बसले. हा पक्षपात कशासाठी, असे शामाने विचारले, तेव्हा बाबांनी लक्ष्मीबाईंच्या पूर्वजन्मांची कथा सांगितली आणि त्यांना ‘राजाराम’ नामाचा जप करायला सांगितले.

आयुष्यभर वाढण्याचे काम केलेल्या बाईच्या ताटाची कोणी अशी दखल घेतली, हे या प्रसंगातले मर्म. त्याच पोथीत दादासाहेबांविषयीही एक मार्मिक नोंद आहे. बाबांपुढे अनेक मोठी माणसे बोलत, पण खापर्डे, नूलकर आणि बुटी हे तिघे गप्प बसत. ज्यांच्या वक्तृत्वाने सभा हलत, ते मशिदीत मुके होते. त्या आवारात बोलणाऱ्याचे आणि वाढणारीचे स्थान उलटे झाले होते.

पैशाचा प्रश्न तिथेही पाठीशी होता. लक्ष्मीबाई पाय चेपत असताना साईबाबांनी काकासाहेब दीक्षितांना, या बाईला दोनशे रुपये दे, असे सांगितल्याचा प्रसंग खापर्ड्यांच्या रोजनिशीच्या संदर्भात नेहमी चर्चिला जातो. हजारो कमावणाऱ्या वकिलाच्या पत्नीला दुसऱ्याने पैसे द्यावेत, असे चारचौघांत बोलले गेले. दीनता आणि सबुरी शिकवण्यासाठी ते होते, असा अर्थ लावला जातो. तो अर्थ खरा असेलही. पण दोन वर्षे धंदा बंद ठेवून परतलेल्या घराची ओढाताण लपून राहिली नव्हती, एवढे तरी त्यातून दिसते.

पुढे दादासाहेबांची वकिली पुन्हा चालली, राजकारणही चालले. १९ मे १९१७ रोजी ते टिळकांना घेऊन शिर्डीला गेले. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि खापर्ड्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा कणाच मोडला. गांधींचा असहकार त्यांना मानवला नाही; ते नव्या कौन्सिल ऑफ स्टेटचे सभासद झाले. अमरावतीचे तरुण दुसरीकडे पाहू लागले होते. कीर्ती ओसरते, तेव्हा घरातल्या माणसांना बाहेरच्यांच्या आधी कळते : पाहुणे कमी होतात.

लक्ष्मीबाई १९२८ मध्ये वारल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, १ जुलै १९३८ रोजी, दादासाहेबांचे निधन झाले. थोरले पुत्र बाळकृष्ण यांनी वडिलांचे चरित्र लिहिले. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गेले; अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

शिर्डीची रोजनिशी आता अनेक भाषांत वाचली जाते, साईबाबांसाठी. ती चाळताना एक गोष्ट सहज लक्षात येते. दीक्षित, जोग, उपासनी, भीष्म, मेघा, माधवराव देशपांडे, सगळे नावानिशी भेटतात. लक्ष्मीबाई भेटतात त्या बहुधा ‘माझी पत्नी’ म्हणून.